कोठी रिकामी आहे, असं म्हणा

सोमवार, १४ जानेवारी

आज आमच्या विभागप्रमुखांच्या, आसियामा सरांच्या खोलीतून बाहेर पडताना मी दार आपटलं. मुद्दाम आपटलं. बाहेर शिपाई पेंगत होता, त्याची झोप उडाली, तेवढंच पुण्य.

"मॅडम बोआतेमा, तुमच्या विषयाचा गेल्या वर्षीचा निकाल पाहिलात ना?" पाहिला. पेपर मीच तपासले होते. प्रोग्रॅमिंगमध्ये निम्म्याहून जास्त पोरं गटांगळ्या खाऊन बुडाली. "ओफोसूंच्या वर्गात असं होत नाही." होणार कसं? ओफोसू पुस्तक वाचून दाखवतो, पोरं उतरवून घेतात, पेपरात तेच ओकतात, ओफोसू बरोबरची खूण करतो. 'ऑब्जेक्ट म्हणजे काय' विचारा, धडाधड व्याख्या म्हणतील. 'बरं, एक करून दाखव' म्हटलं की तोंडात गुळणी.

तर आता असं ठरलंय. मार्चमध्ये राजधानीतून, अक्राहून बाहेरच्या परीक्षक येणार. पहिल्या वर्षाचा वर्ग त्यांना पसंत पडला तर विषय माझ्याकडे राहील. नाहीतर पुढच्या सत्रापासून तो ओफोसूला, आणि मी सेक्रेटरी कोर्सच्या मुलींना टायपिंग शिकवायचं. टायपिंग! इतकी वर्षं या पोरांपुढे घसा फोडला तो यासाठी?

पण माझ्याकडेही एक गोष्ट आहे. शनिवारी मामाच्या जमिनीच्या भांडणापायी आईच्या गावी दरबारात गेले होते. नाना, म्हणजे गावचे राजे, छत्रीखाली अगदी समोर बसलेले, पण त्यांच्याशी थेट बोलायची सोय नाही. बोलायचं ते त्यांच्या ओचामेशी. तो काठी धरून उभा राहतो, आपलं ऐकतो, मग तेच नानांना सांगतो, आणि नानांचं उत्तरही त्याच्याच तोंडून येतं. मी दोन वाक्यांत सांगितलेलं त्याने म्हणी घालून इतकं लांबवलं की मी दात-ओठ खात बसले. परतताना ट्रोट्रोच्या खचाखच व्हॅनमध्ये एकदम डोक्यात उजेड पडला. अगं बाई, तू शिकवतेस ते हेच! आतलं आत झाकलेलं, बाहेरच्याने हात घालायचा नाही, ठरलेल्या तोंडालाच विचारायचं. हे फळ्यावर कशाला? दरबारच खेळायचा.

आसियामांना हे सांगितलं. म्हणाले, "कॉलेजात खेळ?" दार आपटलं ते तेव्हा.

गुरुवार, १७ जानेवारी

लॅबमध्ये वीज नव्हती. वीज असते तेव्हा संगणक चालत नाहीत, त्यामुळे फारसं बिघडलं नाही. वर्ग आंब्याखाली नेला. हरमट्टनच्या कोरड्या वाऱ्याच्या धुळीने सगळ्यांची थोबाडं पांढरी.

सेर्वाला नाना केलं, कारण तिला गप्प बसता येतं. तिच्यापुढे कापडाने झाकलेलं टोपलं, त्यात चवळीचे दाणे. एक दाणा म्हणजे कोठीतला एक याम, सुरणासारखा कंद. ओचामे केलं बारिमाला. मागच्या बाकावरचा धिप्पाड पोरगा, त्याची आई बाजारात याम विकते, आवाज अख्ख्या बाजाराला पुरेल एवढा. त्याच्या हातात झाडूचा दांडा. बाकीचे व्यापारी. टोपल्यात कुणी डोकावायचं नाही. किती आहेत, इतके ठेवा, तितके द्या, जे विचारायचं ते ओचामेला.

सुरुवात इतकी झकास झाली की मी मनातल्या मनात ओफोसूला वाकुल्या दाखवत होते. मग टोपलं रिकामं झालं. एका मुलीने विचारलं, "नानांकडे किती याम आहेत?" बारिमाने कापड उचलून पाहिलं, घसा खाकरला, दांडा आपटला आणि म्हणाला, "नदी कितीही आटली तरी तिला कुणी ओढा म्हणत नाही. नानांच्या घरी कधी कशाची वाण नसते!"

वर्ग खो खो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आकडा सांग! शून्य म्हण!"

"मॅडम, नानांची कोठी रिकामी आहे असं भर दरबारात म्हणू? माझ्या मामानं जीभ हासडली असती."

"मामा गेला खड्ड्यात! आत जे आहे ते जसंच्या तसं बाहेर आलं पाहिजे. नाहीतर तू ओचामे नाहीस, चोर आहेस. आणि वर ठोंब्या आहेस!"

त्याने दांडा खाली ठेवला आणि पायाकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात दुफिए उठली. ही वर्गाची प्रतिनिधी, किडकिडीत, मोठ्या चष्म्याची. ती सगळ्यांना म्हणाली, "मॅडमचं म्हणणं आहे की बारिमाचा दरबार फक्कड रंगला. फक्त हा ओचामे मोजदादीचा आहे, म्हणून त्याने नुसता आकडा सांगायचा."

मी असलं काही म्हटलं नव्हतं. पण पोरांनी माना डोलावल्या, बारिमाने दांडा उचलला, आणि पुढच्या खेपेला तो "शून्य" म्हणाला, तेही डोळे मिटून. पोरगी कामाची आहे.

मंगळवार, २२ जानेवारी

दरबाराचा प्रोग्रॅम लिहून आणायला सांगितला होता. काल एकूणएक गधड्यांनी त्यात एक ओळ घातली होती : शून्य असेल तर 'भरपूर आहे' असं उत्तर द्या. एकाने घातलं होतं 'उद्या या'. पालथ्या घड्यावर पाणी! वर्गात इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातल्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मग दुफिएला म्हटलं, मी आता एक शब्द बोलणार नाही, तूच सांग या मेंढरांना.

आज सगळ्यांनी दुरुस्त करून आणलं. काय सांगितलंस म्हणून विचारलं, तर म्हणे, "तुम्ही म्हणालात तेच, मॅडम."

सोमवार, ४ फेब्रुवारी

ही पद्धत बरी आहे. मी दुफिएला फोनवर आवाजी निरोप पाठवते, ती तो वर्गाच्या ग्रुपवर लिहून टाकते. त्या ग्रुपमध्ये मी नाही. शिक्षक घुसले की पोरं मोकळेपणी बोलत नाहीत. पोरांच्या अडचणी ती गोळा करून मला सांगते, आणि तशा अडचणी फार नसतातच. माझा घसाही वाचतो. आज सकाळचा निरोप जरा कडक झाला. डोकं जागेवर नव्हतं, सकाळची भात-चवळी विकणारी बाई आली नव्हती आणि ओफोसू व्हरांड्यात भेटला होता.

"काय मॅडम, आज कुठला खेळ? आंधळी कोशिंबीर?"

"तुमच्या वर्गात रोज तीच चालते, सर," मी म्हटलं. तो हसला. या माणसाला अपमानही नीट करून घेता येत नाही.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आसियामांनी बोलावलं होतं. वर्ग कसा आहे? मी ताठ मानेने सांगितलं, उत्तम आहे. कालच दुफिएला विचारलं होतं, साचा आणि नग सगळ्यांना समजले का? पुस्तकात त्यांना क्लास आणि ऑब्जेक्ट म्हणतात, मी साचा आणि नग म्हणते. साचा एक, त्यातून नग हवे तेवढे, प्रत्येकाचा माल आपापला. ती म्हणाली, "हो मॅडम, सगळ्यांना समजलं, सगळे तुमचे आभारी आहेत."

वर्ग आता कसा शांत असतो. प्रश्न विचारायची कुणावर वेळच येत नाही. नीट शिकवलं की असं होतं. आज सेर्वाने एकदा हात अर्धा वर केला, दुफिएकडे पाहिलं आणि खाली घेतला. तिचं तिलाच उमगलं असावं.

शनिवार, २३ फेब्रुवारी

रागाने अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी याम घ्यायला बाजारात गेले. बारिमा आईच्या ढिगामागे उभा होता. मला पाहून त्याने लपायचा प्रयत्न केला, पण एवढा आडवा माणूस लपणार कुठे? आईने त्याला पुढे ढकललं. म्हणाली, "मॅडम, माझा पोरगा कसा आहे अभ्यासात?" मी खूश होते. म्हटलं, चांगला आहे. आणि सहज त्याला म्हटलं, परीक्षेला दोन दरबार मांडायचे आहेत, एकाच साच्यातून दोन नाना.

त्याने हातातला याम खाली ठेवला. "दुसरे नाना कुठून आणायचे, मॅडम?"

"म्हणजे?"

"गावात नाना एकच असतात. एका आसनावर दोन नाना बसवले तर डोकी फुटतील. आम्ही तिथेच अडलोय ना! पहिल्यापासून. साचा म्हणजेच नाना आणि नग म्हणजेही नाना, मग दोन कसे करायचे? दुफिएनं सांगितलं नाही तुम्हाला?"

आई त्याच्या पाठीत धपाटा घालत होती, "मॅडमशी असं बोलतात का रे?" आणि मी याम हातात धरून नुसती उभी. जानेवारीपासून! मी आसियामांना ताठ मानेने उत्तम म्हणून सांगून बसले, आणि वर्गाला पहिली पायरीच चढता आलेली नाही. मला मूर्ख बनवलं त्या चष्मेवालीने.

सोमवार, २५ फेब्रुवारी

वर्गात गेले ती थेट दुफिएपुढे उभी राहिले. सगळ्यांसमोर. "जानेवारीपासून पोरं अडलीत, आणि तू मला सांगतेस सगळ्यांना समजलं? खोटारडी कुठली! कुणी नेमलं तुला माझ्या डोळ्यात धूळ फेकायला?"

ती उभी राहिली. चष्मा काढून हातात धरला. इतक्या हळू बोलली की मला ऐकायला वाकावं लागलं. "मॅडम, तुम्हाला शून्य सांगायचं कुणी?"

काय हा उद्धटपणा! मी तिला बाहेर काढणार होते, तेवढ्यात सेर्वाने फोन पुढे केला. म्हणाली, "हे वाचा, मग तिला बोला." वर्गाचा ग्रुप होता. ४ तारखेचा माझा निरोप मला आठवतो : 'या मेंढरांना सांग, उद्यापर्यंत जमलं नाही तर सरळ बाजारात जाऊन हमाली करा, माझा वेळ खाऊ नका.' ग्रुपवर दुफिएने लिहिलं होतं : 'मॅडम म्हणतात, उद्यापर्यंत प्रयत्न करा. जमेल. त्यांचा आपल्यावर विश्वास आहे.' वर सरकवत गेले. सगळे तसलेच. 'मॅडम म्हणतात, चुकलं तरी चालेल.' 'मॅडम म्हणतात, बारिमाचा आवाज वर्गाची शान आहे.'

हे मी कधीही म्हटलेलं नाही. एकही वाक्य माझं नाही. माझ्या नावावर खपवलेली ही भलतीच कुणीतरी बाई, आणि पोरांनी तिचे निरोप जपून ठेवलेत, खाली लाल लाल बदाम टाकलेत. मला सांगता येत नाही इतका संताप आला. फोन सेर्वाच्या बाकावर टाकला. दुफिएला म्हटलं, आजपासून तू प्रतिनिधी नाहीस. ती जाऊन मागच्या बाकावर बसली.

शुक्रवार, १ मार्च

आता मध्ये कुणी नाही. मी विचारते, वर्ग उत्तर देतो. म्हणजे द्यायला हवं. "कुणाला समजलं नाही?" सगळे जमिनीकडे बघतात. "बोला ना, वाचा बसली का?" ओरडून विचारलं तर अजूनच गप्प. आज दोघंजण आलेच नाहीत. दुफिए मागच्या बाकावर पुस्तकात तोंड खुपसून. ही आजकालची पोरं शेळपट आहेत. आमच्या वेळी मास्तर छडी मारायचे, तरी आम्ही विचारायचोच. म्हणजे मी तरी विचारायचे.

सोमवार, ४ मार्च

दरबार मोडला. नानांना, ओचामेला, झाडूच्या दांड्याला, सगळ्यांना रजा. रागाच्या भरात आज लुडूचा पट घेऊन गेले. घरातलाच, पोरं रविवारी झाडाखाली खेळतात तसला. पिवळ्या चार सोंगट्या हातात घेतल्या. "या चारही एकाच साच्यातल्या. चालायचा नियम एक, मारायचा नियम एक. पण ही या घरात, ही त्या घरात, ही अजून निघालीच नाही. हिला हलवलं तर ती हलते का?"

"नाही," बारिमा म्हणाला. मग माझ्याकडे चोरून बघून पुढे म्हणाला, "म्हणजे नाना साचा नव्हते. नाना सोंगटी होते."

"मग इतके दिवस काय झोपा काढत होतास?" मी खेकसले. पण तो चक्क हसत होता. दुपारपर्यंत पटाभोवती गर्दी झाली, सहासात जणांनी सोंगटीचा प्रोग्रॅम लिहून तिचे चार नग करून दाखवले. काहींना मात्र अजून जमत नव्हतं. ते जमलेल्यांच्या पाठीमागून बघत होते. मला राग आला तो माझाच. लुडू घरात पडला होता, आणि मी दरबार भरवत बसले.

मंगळवार, १२ मार्च

आसियामा वर्गात आले होते. परीक्षक गुरुवारी येणार. पोरांना म्हणाले, "त्या प्रोफेसर मोठ्या आहेत, एकेकाला तपासत बसणार नाहीत. दोन-तीन प्रोग्रॅम बघतील आणि वर्गाला समजलं का, एवढं विचारतील. तुम्ही हो म्हणायचं. कॉलेजची लाज तुमच्या हाती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, जमलेली मुलं पुढे बसवा."

टायपिंगच्या खोलीसमोरून घरी आले. आत टकटक चालली होती. पोरांनी एकदा हो म्हणावं, फक्त एकदा. त्यात कुणाचं काय जातं? नंतर मी शिकवेनच ना.

गुरुवार, १४ मार्च

सगळं लिहून टाकते, म्हणजे डोकं शांत होईल. होणार नाही, माहीत आहे.

प्रोफेसर क्वेनॉर आल्या. पांढरे केस, पायात साध्या चपला. बारिमाचा प्रोग्रॅम पाहिला, सेर्वाचा पाहिला, लुडूचा पट पाहून हसल्या. "खेळातून शिकवता? छान." आसियामांची छाती फुगली. माझीही. मग त्यांनी विचारलं, "वर्गाचा प्रतिनिधी कोण?" आता प्रतिनिधी कुणीच नव्हतं. पण सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. दुफिए उठली.

"बाळ, वर्गातल्या सगळ्यांना हे समजलंय का?"

मी देवाची शपथ घेऊन सांगते, त्या क्षणी मी मनात म्हणत होते : म्हण गं, हो म्हण. इतके दिवस म्हणत होतीस ना, आज एकदा म्हण.

"नाही," दुफिए म्हणाली. आवाज खणखणीत होता. "नऊ जणांना नाही समजलं. एकाच साच्यातून दुसरा नग कसा करायचा ते त्यांना येत नाही. लुडू येऊन जेमतेम दहा दिवस झालेत. अजून थोडे दिवस मिळाले तर येईल." मग म्हणाली, "त्या नऊ जणांत मीही आहे."

आसियामांचा चेहरा उतरला. प्रोफेसरबाईंनी विचारलं, "मग इतके दिवस तू मॅडमना का नाही विचारलंस?"

"मी दुसऱ्यांचे निरोप पोचवत होते," ती म्हणाली. "माझं विचारायचं राहिलं."

बुडवलं पोरीने. सगळ्यांदेखत, स्वच्छ शब्दांत, जसंच्या तसं सांगून बुडवलं. असा राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता. आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणी 'हो' म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. हे दोन्ही खरं आहे. आता यांचा मेळ कुणी घालायचा तो घाला.

सोमवार, १८ मार्च

आसियामांनी सांगितलं. पद्धत स्तुत्य, परंतु निकाल अपुरा. पुढच्या सत्रापासून विषय ओफोसूचा, टायपिंग माझं. "एक शब्द, मॅडम, एक 'हो', तेवढंही तुमच्या मुलीला जमलं नाही." मी म्हटलं, माझी मुलगी नाही ती. आणि तिला जमत होतं, सर, चांगलं जमत होतं. एवढं बोलून उठले. दार आपटलं नाही.

लुडूचा पट घ्यायला आंब्याकडे गेले, तर पटाभोवती नऊ जण बसलेले. दुफिएसकट.

"इथे काय करताय? ऐकलं नाही? पुढच्या सत्रापासून विषय ओफोसू सरांचा. जा त्यांच्याकडे, व्याख्या उतरवून घ्या. पास व्हाल, सुखी व्हाल."

कुणी उठलं नाही. दुफिए म्हणाली, "मॅडम, गेल्या सत्रात ओफोसू सर आम्हाला दुसरा विषय शिकवायचे, तेव्हा मी त्यांना एकदा सांगितलं होतं, समजलं नाही म्हणून. ते हसले. मग वर्गही हसला."

"आणि मी काय केलं असतं? आरती ओवाळली असती?"

"तुम्ही ओरडला असता."

"मग?"

"ओरडून झालं की तुम्ही परत शिकवता," ती म्हणाली. "दरबारात ओरडलात, मग दरबार मोडून लुडू आणलात. रागावल्याशिवाय तुम्ही काही नवं आणतच नाही, मॅडम. ते मला कधी नीट पोचवता आलं नाही."

मी ओरडलेच. तास नाही, पगार नाही, ऊन मी म्हणतंय, आणि हे नऊ ठोंबे माझ्या जिवावर उठलेत, असं बरंच काही. ते ऐकत बसले. मध्ये कुणी त्याला साखर लावली नाही. माझं संपल्यावर दुफिए म्हणाली, "मॅडम, मला समजलं नाही."

"कुठपासून?"

"पहिल्यापासून."

मी खाली बसले, सगळ्या सोंगट्या पटावरून काढल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.